थोरल्या स्टुडिओची धाकटी पाती

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. मुलानं घरात मोठा टीव्ही लावून दिलाय, त्यामुळे हल्ली रात्री इंग्रजी सिनेमे बघतो. बऱ्याच चांगल्या सिनेमांच्या सुरुवातीला 'सर्चलाइट पिक्चर्स' हे नाव येतं. मुलगा म्हणतो ही डिस्नेची कंपनी. डिस्नेकडे एवढा पैसा असताना ही वेगळी लहान कंपनी कशाला? कर वाचवायची युक्ती आहे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : कर नाही हो. कर वाचवायला याहून कितीतरी सोपे मार्ग असतात.

आधी घराणं सांगते, म्हणजे मुलाशी वाद नको. सर्चलाइट जन्मानं डिस्नेची नव्हे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं ती १९९४ साली काढली आणि टॉम रॉथमन यांच्या हाती दिली. तेव्हा नाव होतं 'फॉक्स सर्चलाइट'. २०१९ च्या मार्चमध्ये डिस्नेनं फॉक्सचा सिनेमाचा सगळा बारदाना विकत घेतला, त्यात ही आली. पुढच्या जानेवारीत नावातलं 'फॉक्स' काढून टाकलं. अशी धाकटी पाती बहुतेक सगळ्या थोरल्या स्टुडिओंकडे आहे किंवा होती. सोनीकडे 'सोनी पिक्चर्स क्लासिक्स', युनिव्हर्सलकडे 'फोकस फीचर्स', पॅरामाउंटकडे 'व्हँटेज', वॉर्नरकडे 'वॉर्नर इंडिपेंडंट'. शेवटच्या दोघींचं काय झालं ते खाली दुसऱ्या एका पत्राच्या उत्तरात येईलच.

आता तुमचा 'कशाला'. मी समीक्षक नाही. नाशकात एका सिनेमा वितरकाच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा मी हे हिशेबाच्या बाजूनंच सांगणार. मोठा स्टुडिओ मोठा सिनेमा काढतो तेव्हा अमेरिकेत एकाच शुक्रवारी तीन-चार हजार थिएटरांत लावतो. तेवढ्या ठिकाणी लावायचा म्हणजे टीव्हीवर, रस्त्यावर, फोनवर, नजर जाईल तिथे जाहिरात. सिनेमा किती पैशांत बनला याच्याशी त्या खर्चाला देणंघेणं नसतं. अर्ध्या कोटी डॉलरच्या सिनेमावर तीन-चार कोटी डॉलरची जाहिरात केली, तर तो लागायच्या आधीच बुडीत खात्यात जातो. जाहिरात न करावी तर थोरल्या ऑफिसातल्या लोकांना दुसरी रीतच ठाऊक नसते.

शिवाय माणसांचा स्वभाव. ज्या टेबलावर पंधरा कोटी डॉलरचा सिनेमा आहे त्याच टेबलावर अर्ध्या कोटीचा ठेवलात, तर सोमवारी सकाळी फोन कुणासाठी फिरतील? सांगायला नको. म्हणून ऑफिस वेगळं, माणसं वेगळी आणि मुख्य म्हणजे वही वेगळी. थोरल्या वहीत जो नफा बेरजेत दिसतसुद्धा नाही, त्यावर धाकटीचं वर्ष निघतं. १९९७ साली सर्चलाइटनं 'द फुल मॉन्टी' नावाचा ब्रिटिश सिनेमा आणला. शेफील्ड गावातले बेकार झालेले पोलाद कामगार, खर्च साधारण ३५ लाख डॉलर. जगभरात धंदा २५ कोटी डॉलरच्या वर. तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला नक्की आवडेल. फक्त नातवंडं झोपल्यावर बघा.

थोरल्याला यातून आणखीही बरंच मिळतं. चांगला दिग्दर्शक लहान सिनेमापासून घराशी जोडलेला राहतो. सिनेमांचा साठा वाढतो, तो टीव्ही आणि ओटीटीला वर्षानुवर्षं विकता येतो. आणि पारितोषिकं येतात. एकट्या सर्चलाइटच्या पाच सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालंय. कधीकधी नुसती नावाची सोय असते. १९८४ साली डिस्नेनं मोठ्यांसाठीच्या सिनेमांना 'टचस्टोन' हे वेगळं नाव काढलं, ते एवढ्यासाठीच की मिकी माऊसच्या पाटीखाली नको ते दिसू नये. पैसे त्याच तिजोरीत.

प्रश्न : ताई, मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो. शेजारच्या काकू सोमवारी सांगतात, बघाच. आम्ही रविवारी जायचं ठरवतो आणि त्याआधीच्या शुक्रवारी तो उतरलेला असतो. दर वेळी हेच. तुम्ही वितरणात होतात, म्हणून विचारते.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुमच्या त्या काकूंवर लहान सिनेमाचा सगळा धंदा उभा असतो, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

आमच्या ऑफिसात रोज थिएटरांकडून डीसीआर यायचा, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा कागद. रकाने ठरलेले असत : बाल्कनी, स्टॉल, प्रत्येक वर्गाच्या पहिल्या तिकिटाचा नंबर, शेवटच्या तिकिटाचा नंबर, वजाबाकी, दर, करमणूक कर, निव्वळ. नवीन माणूस खालची बेरीज बघतो. जुना माणूस आधी सोमवारच्या सहाच्या शोची बाल्कनी बघतो. शुक्रवारी पोस्टर बघून येणारे येतात, रविवारी सुट्टी म्हणून येतात. सोमवारी संध्याकाळी नोकरी आटपून, बाल्कनीचं तिकीट काढून जो येतो, त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. एका मराठी सिनेमाचा कागद मला अजून आठवतो. नाववाला नट नाही, गाणी नाहीत. शुक्रवारी सहाला बाल्कनी अकरा. सोमवारी सहाला बाल्कनी तीसच्या वर, मंगळवारी त्याहून जास्त. आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा म्हणाला, 'मॅडम, हा चालणार.'

नाही चालला. होल्डओव्हर नावाची एक भानगड असते. सिनेमा पुढच्या आठवड्यात ठेवायचा तर गल्ला अमुक रकमेवर गेला पाहिजे, असं थिएटरशी आधीच ठरलेलं असतं, आणि निकाल लागतो पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवर. ते तीन दिवस आमचे कोरडे गेले होते. पुढच्या शुक्रवारी एक दांडगा हिंदी सिनेमा ठरलेला होता. थिएटरवाल्याला तरी काय म्हणणार? डोअरकीपरपासून ऑपरेटरपर्यंत सगळ्यांचे पगार त्यालाच द्यायचे. सिनेमा उतरला, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणी त्या रविवारी बाहेरून परत गेल्या असतील.

आता हीच गोष्ट अमेरिकेतली धाकटी पाती कशी करते ते बघा. यात माझं मन रमतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'स्लमडॉग मिलियनेअर' सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत घडणारा, खर्च दीड कोटी डॉलर. अमेरिकेतले हक्क मुळात वॉर्नर इंडिपेंडंटकडे होते. २००८ च्या मे महिन्यात वॉर्नरनं तो विभागच बंद करायचं जाहीर केलं आणि सिनेमा पोरका झाला. बराच संवाद हिंदीत, ओळखीचा चेहरा नाही. तो थेट डीव्हीडीवर जाणार अशीही बोलणी झाली होती. मग सर्चलाइटनं वॉर्नरबरोबर वाटा ठरवून तो उचलला. आणि लावला किती ठिकाणी? दहा. आख्ख्या अमेरिकेत दहा थिएटरं, नोव्हेंबर २००८. पहिल्या शुक्रवार ते रविवारात एकेका थिएटरमागे साधारण ३६ हजार डॉलर आले. हा एका थिएटरमागचा आकडा म्हणजे त्यांची सोमवारची बाल्कनी. तो दाखवला की पुढची थिएटरं आपणहून दार उघडतात. आधी थोडी, मग शेकड्यांनी. जानेवारीत ऑस्करची नामांकनं आली तेव्हा तो हजारावर ठिकाणी गेला. फेब्रुवारीत आठ ऑस्कर आणि त्यानंतर आणखी वाढ. अमेरिकेत १४ कोटी डॉलर, जगभरात ३७ कोटींच्या वर. हा सिनेमा पहिल्याच शुक्रवारी तीन हजार ठिकाणी लावला असता, तर दुसऱ्या सोमवारी त्याचा मर्तिकाचा कागद आला असता.

एक गोष्ट मला फार आवडते. त्या काळात सर्चलाइटच्या वरच्या दोघा-तिघांत स्टीव्ह गिलुला होते. हा माणूस मुळात थिएटरवाला, 'लँडमार्क' या थिएटरसाखळीच्या संस्थापकांपैकी एक. दहावर कधी थांबायचं आणि शंभरावर कधी जायचं, हे ज्यानं तिकीटबारीमागून प्रेक्षक बघितलाय त्यालाच कळतं. लोक म्हणतात या कंपन्यांना कलेची जाण असते. असेल. मला विचाराल तर त्यांची खरी पुंजी म्हणजे थांबायची तयारी, आणि थांबायला लागणारा पैसा थोरल्याच्या तिजोरीतून येतो.

आपल्याकडे २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सनी मराठीला प्राइम टाइम द्यावा असं ठरवलं. मग ती वेळ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केली. वेळ मिळाली ती बरीच झाली, सकाळी साडेनऊच्या शोला कोण जातं? पण मराठी निर्मात्यानं भांडावं ते तिसऱ्या आठवड्यासाठी. आणि त्याआधी स्वतःही जरा हात आखडता घ्यावा. ज्याच्या खिशात पाच गावांची जाहिरात आहे त्यानं अडीचशे पडदे घेऊ नयेत. पुण्यात तीन, दादर-पार्ल्यात तीन, नाशकात एक, कोल्हापुरात एक घ्यावं आणि काकूंना बोलायला वेळ द्यावा.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत शिकली आणि आता तिला एका मोठ्या स्टुडिओच्या अशाच लहान विभागात नोकरी मिळतेय. बहीण काळजीत आहे, मोठ्या विभागात का नाही घेतलं म्हणून. हे विभाग टिकतात का?
— एक मावशी, इंदिरानगर

उत्तर : बहिणीला सांगा, लहान विभागात घेतलं हे भाचीचं नशीब. तिथे माणसं कमी असतात, त्यामुळे पोरीला करारापासून पोस्टरपर्यंत सगळं बघायला मिळेल. मोठ्या ठिकाणी दोन वर्षं एकाच तक्त्यात आकडे भरत बसली असती.

टिकण्याचं मात्र खरं सांगते. २००८ हे साल या धंद्यात दुष्काळासारखं गेलं. फेब्रुवारीत 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्यात पॅरामाउंट व्हँटेजचा वाटा होता. 'देअर विल बी ब्लड'मध्येही होता. आणि जूनमध्ये पॅरामाउंटनं व्हँटेजचं निर्मिती, वितरण, जाहिरात असं सगळं काम थोरल्या ऑफिसात ओढून घेतलं. ऑस्कर घेऊन चार महिने झाले नव्हते. वॉर्नरनं तर एकाच वेळी वॉर्नर इंडिपेंडंट आणि पिक्चरहाउस अशा दोघींना टाळं लावलं. कारणं साधीच होती. सिनेमे फार झाले, एकमेकांचेच प्रेक्षक खाऊ लागले. डीव्हीडीचा धंदा उतरणीला लागला. आणि धाकटीनं थोरलीसारखा खर्च करायला सुरुवात केली. पारितोषिकांच्या प्रचारावर इतका पैसा जायला लागला की पारितोषिक मिळूनही व्यवहार आतबट्ट्याचा.

मिरामॅक्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. डिस्नेनं १९९३ मध्ये ती विकत घेतली. 'पल्प फिक्शन'सारखे सिनेमे आले, पैसा आला, तशी ती फुगत गेली. अमुक रकमेवर किंवा अमुक विषयावर डिस्नेची परवानगी लागायची, तिथे खटके उडायचे. २००४ साली 'फॅरनहाइट ९/११' हा अध्यक्ष बुश यांच्यावर टीका करणारा माहितीपट डिस्नेनं मिरामॅक्सला लावू दिला नाही. चालकांनी तो हक्कांसकट सोडवून दुसऱ्यांकरवी लावला, आणि ६० लाख डॉलरच्या त्या माहितीपटानं २२ कोटी डॉलर मिळवले. वर्षभरात ते चालक बाहेर पडले आणि २०१० मध्ये डिस्नेनं कंपनी ६६ कोटी डॉलरच्या आसपास विकून टाकली. त्या चालकांपैकी हार्वी वाइनस्टीन यांना पुढे बायकांवरच्या अत्याचारांसाठी तुरुंगात जावं लागलं. लहान ऑफिसात एकाच माणसाची मर्जी चालते, त्याची ही काळी बाजू. बहिणीनं काळजी करायचीच तर ती असली करावी.

दुसऱ्या टोकाला सोनी पिक्चर्स क्लासिक्स. मायकेल बार्कर आणि टॉम बर्नार्ड हे दोघं आधी युनायटेड आर्टिस्ट्सच्या असल्याच विभागात होते. तिथून ते १९८३ मध्ये ओरायन कंपनीकडे गेले आणि १९९२ मध्ये मार्सी ब्लूम यांना बरोबर घेऊन सोनीकडे आले. मालक बदलत गेले, दुकान तेच राहिलं. सोनीचा स्टुडिओ लॉस एंजेलिसकडे, यांचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये. बोली चढली की उठून जायचं हा यांचा लौकिक. तरीही 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' हा चिनी भाषेतला सिनेमा त्यांनी अमेरिकेत १२ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत नेला. परभाषेतल्या सिनेमानं तिथे तेवढं कधी कमावलं नव्हतं.

भाचीला एकच विचारायला सांगा. सिनेमा घ्यायचा की नाही यावर शेवटची सही कुणाची, तिच्या ऑफिसातल्या माणसाची की वरच्या इमारतीतल्या? तिच्या ऑफिसातली असेल तर खुशाल जाऊ दे.

प्रश्न : मी आणि मित्रांनी पदरमोड करून एक मराठी सिनेमा पूर्ण केलाय. शूटिंग निफाड आणि दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागांत. सर्चलाइट किंवा सोनी क्लासिक्सला लिंक मेल करावी का? ते स्वतः सिनेमे बनवतात की तयार घेतात? मराठीत असं कुणी नाही का?
— एक दिग्दर्शक, पंचवटी

उत्तर : मेल करू नका. ओळखीशिवाय आलेली लिंक मोठे स्टुडिओ उघडतच नाहीत. उद्या कुणी 'माझी गोष्ट चोरली' म्हणून कोर्टात गेलं तर, ही त्यांची भीती.

ते दोन्ही करतात. काही सिनेमे कागदावर असतानाच पैसे घालून बनवतात, काही तयार झालेले महोत्सवात बघून उचलतात. सर्चलाइटचा अगदी पहिला सिनेमा, 'द ब्रदर्स मॅकमलन', असाच. एडवर्ड बर्न्स हा टीव्हीच्या एका कार्यक्रमात हरकाम्या होता. त्यानं शनिवार-रविवारी आईवडिलांच्या घरात शूटिंग केलं आणि १९९५ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं मुख्य पारितोषिक घेतलं. त्याच सनडान्समध्ये २००६ साली सर्चलाइटनं 'लिटल मिस सनशाइन'ला १ कोटी ५ लाख डॉलर मोजले आणि तो जगभरात १० कोटींवर गेला. तिथेच २०१६ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन'ला १ कोटी ७५ लाख मोजले. तो महोत्सवातला तोवरचा विक्रम होता, आणि तिकीटबारीवर तेवढाही गल्ला झाला नाही. महोत्सवातल्या टाळ्यांवर यांनासुद्धा फसायला होतं, हे ध्यानात असू द्या.

तुमची वाट महोत्सवातूनच जाते. 'द लंचबॉक्स' बघा. मुंबईच्या डब्यांची गोष्ट, भाषा हिंदी. पण फ्रान्स आणि जर्मनीचे सहनिर्माते, आपल्या एनएफडीसीचाही, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचाही, वाटा. २०१३ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक'मध्ये दाखवला आणि तिथेच सोनी क्लासिक्सनं उत्तर अमेरिकेचे हक्क घेतले. तिकडे ४० लाख डॉलरच्या वर धंदा झाला. मराठीत 'कोर्ट'नं २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिकं घेतली. त्याला अमेरिकेत वितरक मिळाला, तो मात्र स्टुडिओचा विभाग नव्हता, एक लहान स्वतंत्र कंपनी होती. तुम्हीही नजर तिथेच ठेवा. आणि तिथे पोचायच्या आधी दरवर्षी नोव्हेंबरात गोव्याला भरतो तो एनएफडीसीचा बाजार गाठा.

पण त्याहून आधी, दिग्दर्शक महाशय, कागद. मी चांगले चांगले सिनेमे कागदांपायी अडकलेले बघितलेत. ज्याच्या बागेत शूटिंग केलंत त्याची लेखी परवानगी आहे का? लग्नाच्या प्रसंगात मागे बँडवाल्यानं कुठलं गाणं वाजवलंय? ते गाणं एखाद्या संगीत कंपनीचं असेल तर बाहेरचा वितरक हात लावणार नाही. प्रत्येक नटाचा करार, लेखकाचा करार, मित्रांमित्रांत कुणाचे किती पैसे आणि कुणाचा किती वाटा, हे स्टँपपेपरवर आणा. मैत्री असतानाच आणा. संवाद सोडून बाकी सगळ्या आवाजांचा वेगळा ट्रॅक तयार ठेवा, डबिंगसाठी मागतात. इंग्रजी सबटायटल्स भाचा करून देतो म्हणाला तर भाच्याला चहा पाजून परत पाठवा आणि ज्याचं हे काम आहे त्याला पैसे द्या.

मराठीत? झीनं काही काळ हे काम नकळत केलं. 'फँड्री' एका स्वतंत्र निर्मात्यानं बनवला होता. झीनं तो घेतला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत धूमधडाक्यात लावला. पुढचा 'सैराट' त्याच दिग्दर्शकाचा. दिग्दर्शक घराशी जोडून ठेवण्याबद्दल मी वर लिहिलंय ते हेच. पण वेगळी वही, वेगळी माणसं असा विभाग मराठीत उभा राहिला नाही. हिंदीत यूटीव्हीनं 'स्पॉटबॉय' काढला होता, 'देव डी' त्याचाच. 'पानसिंग तोमर'ही त्याचाच. तो २०१० मध्ये लंडनच्या महोत्सवात दाखवून झाला आणि भारतात लागला २०१२ च्या मार्चमध्ये. पुढे डिस्नेनं यूटीव्ही घेतली आणि २०१६ मध्ये हिंदी सिनेमे बनवणंच थांबवलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणणारे तेव्हाही होते. मला वाईट वाटलं.

प्रश्न : दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकचे. त्यांची नाशिकची कंपनी म्हणजे तुम्ही म्हणता तसाच प्रकार नव्हता का, भांडवल दुसऱ्यांचं आणि कला यांची?
— एक शिक्षिका, त्र्यंबकेश्वर

उत्तर : अगदी तसा नव्हे, कारण वर थोरला स्टुडिओ नव्हता. पण भांडण मात्र तेच होतं. १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी सगळं बिऱ्हाड नाशकात आणलं. 'लंकादहन' इथलाच, १९१७ चा. तोवर पैसा उसनवारीचा आणि घरच्या दागिन्यांचा. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भागीदारांना खर्चाचा ताळेबंद हवा, वेळापत्रक हवं. दादासाहेबांना हवा तसा देखावा हवा, मग कितीही दिवस लागोत. दोन वर्षांत ते सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहून बसले. त्यांच्यावाचून कंपनीचं भागेना आणि कंपनीवाचून त्यांचं, म्हणून परत आले. पण पहिल्यासारखं झालं नाही. तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीही आटोपली.

माझी सहानुभूती अर्थातच दादासाहेबांकडे. तरी हिशेबनीस म्हणून एवढं म्हणेन, की भागीदारांनी ताळेबंद मागितला यात पाप नव्हतं. खर्चाचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचा, पाळायचा, आणि त्या आकड्याच्या आत काय करायचं ते विचारायचं नाही, एवढी एक ओळ करारात असती तर काशीची वारी टळली असती. सोनी क्लासिक्सनं नेमकं तेच सांभाळलंय. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात शाळेची सहल नेलीत तर मुलांना ही काशीची हकीकतही सांगा.

प्रश्न : असले सिनेमे नाशकात मोठ्या पडद्यावर कधी बघायला मिळतात?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, शहरातल्या मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकावर रोज नजर ठेवा. एखादाच शो लागतो, बहुधा आडवेळी, आणि चार-पाच दिवसांत जातो. बरोबर दोन-तीन जणांना घेऊन जा आणि सगळ्यांची तिकिटं आदल्या दिवशीच काढून ठेवा. तिकिटं गेलेली दिसली नाहीत तर शो रद्द करतात, आणि देवळालीहून आलेल्या माणसाला काउंटरवरचा मुलगा पैसे परत घेऊन जा म्हणतो.